बिल्डरने सोडलेली खोली

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत नवं घर घ्यायचं म्हणजे बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये अख्खा शनिवार जायचा. कपाटं मेपलची की चेरीची, ओट्याला ग्रॅनाइट कुठला, कार्पेटखालचं पॅडिंग किती जाड, नळ चकचकीत हवेत की मंद झाकेचे. सगळ्याचे नमुने टेबलावर मांडलेले आणि प्रत्येकापुढे ‘अपग्रेड’ची किंमत. दुपारपर्यंत नवरा-बायकोत दोनदा धुसफूस होऊन जायची. त्या जाडजूड फायलीत गॅरेजच्या नावाने मात्र एकच ओळ असायची: भिंती ड्रायवॉलच्या, सांध्यांना टेप, रंग नाही. कुणी विचारलंच तर तिथली बाई गोड हसून सांगायची, ते तुम्ही नंतर मनासारखं करून घ्या.

मनासारखं! बाहेरच्या भिंतीचा रंग बदलायचा तर घरमालक संघटनेच्या समितीकडे अर्ज करावा लागे, रंगाचा नमुना जोडून. आतल्या भिंतींना बेज सोडून दुसरं काही द्यावं म्हटलं की कुणीतरी ‘रीसेल’ची भीती घाले. दहा वर्षांनी जे गिऱ्हाईक येणार, त्याच्या आवडीनिवडीने आपण आज राहायचं, अशी एकूण रीत. त्यातून सुटली होती ती एवढी एकच खोली, दोन गाड्यांची, वीस फूट बाय वीस फूट. तिच्याबद्दल ना बिल्डरला काही पडलेलं, ना समितीला. म्हणून असेल, पण इतक्या वर्षांनी आम्ही जुने लोक जमलो की बोलणं हॉल-किचनवरून फिरत फिरत गॅरेजवर येऊन थांबतं.

आम्ही म्हणजे साधारण १९९५ ते २००५ या काळात कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात येऊन पडलेली मराठी कुटुंबं. आमच्या आधीही इथे मराठी माणसं होतीच. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ साली सुरू झालं, १९६५ मध्ये आयबीएम तिथे आली, १९७६ मध्ये स्थापन झालेली सॅस कंपनी पुढे कॅरीतच स्थिरावली. त्या ओढीने आधी आलेले काका-काकू आम्हाला पहिल्याच आठवड्यात वरण-भाताला बोलवायचे. आम्ही मात्र लाटेने आलो. कॅरीची वस्ती १९६० साली ३,४०० च्या आत होती. १९९० मध्ये ती ४४,००० च्या आसपास गेली आणि २००० च्या जनगणनेत ९४,५०० वर पोचली. दहा वर्षांत दुपटीहून वाढलेलं गाव म्हणजे जिकडे बघावं तिकडे पाइन तोडलेले, तांबडी माती उघडी पडलेली आणि तिच्यावर घरांचे लाकडी सांगाडे उभे. त्या मातीवर कोकणातले आणि महाबळेश्वरकडचे लोक पहिल्या दिवसापासून खूश. सोलापूरकर तेवढे पँटवरचे डाग दाखवून कुरकुरायचे.

रविवारी कामगार नसताना ते सांगाडे बघत हिंडणं ही आमची फुकटची करमणूक होती. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील बरोबर असायचे आणि त्यांच्यात एखादे तरी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर निघायचेच. दोन बाय चारच्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर उभ्या केलेल्या, बाहेरून लाकडाच्या चकत्या दाबून केलेल्या फळ्या, आतून जिप्समच्या पाट्या, मध्ये गुलाबी फायबरग्लास. एवढीच भिंत. ओव्हरसियर नाना बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे, “बडा घर, पोकळ वासा.”

“नाना, समोर वीट आहे की.”

“समोर आहे. बाजूला काय आहे? प्लॅस्टिक. मागे? प्लॅस्टिक. आणि ती समोरची वीटसुद्धा भार घेत नाहीये, नुसती उभी आहे.”

ते बरोबर होतं. कॅरीतल्या बहुतेक घरांची वीट म्हणजे दर्शनी पडदा. छपराचं ओझं लाकडावरच. नानांना न पटणारी गोष्ट एवढीच, की लाकडाची ही घरंही पन्नास-साठ वर्षं सहज उभी राहतात. पाऊस भिंतीच्या आत शिरला नाही तर. तो ‘तर’ किती महाग पडू शकतो हे आम्हाला पुढे कळलं, त्याबद्दल नंतर.

आमच्या लेखी भिंत म्हणजे वजन. कुणी जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरातून आलेलं, कुणी वाड्यातल्या दोन हात जाड भिंतींतून, कुणी दरवर्षी मातीने लिंपून शेणाने सारवायच्या घरातून, आणि बरेचसे सत्तरच्या दशकातल्या पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमधून, जिथे आतल्या सिमेंटच्या गिलाव्यावर निरूचा गुळगुळीत हात असायचा आणि बाहेर वाळूचा खरबरीत गिलावा, त्याच्यावर स्नोसेम. आमच्या लहानपणी चुन्याची सफेदी संपत आली होती, पण गेली नव्हती. पिंपात चुना भिजायचा, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक. “भिंतीला टेकू नका रे” हे दिवाळीच्या आधीचं वाक्य, कारण टेकलं की शर्टाची पाठ पांढरी. मग डिस्टेंपर आला, मग घरोघरी तो एशियन पेंट्सच्या डब्यावरचा हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. रंग देणं म्हणजे घर उलटंपालटं करणारा वार्षिक संस्कार होता आणि तो मोठी माणसं करत. आम्ही फक्त डबे धरायचो.

त्या भिंतींत खिळा ठोकायचा म्हणजे कसोटी. खिळा वाकायचा, ठिणगी उडायची, गिलाव्याचा टवका पडायचा. ती सवय घेऊन आम्ही अमेरिकेत आलो आणि गणपतीची तसबीर लावायला पहिला खिळा ठोकला. दुसऱ्याच घावाला तो डोक्यासकट आत गेला. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात भिंतीला पडलेलं ते पहिलं भोक कॅलेंडरने झाकलेलं होतं. यथावकाश ‘स्टड’, म्हणजे आतल्या त्या उभ्या लाकडी पट्ट्या, शोधायला शिकलो. कुणी चुंबक फिरवून, कुणी विजेच्या यंत्राने, आणि एक काकू तर नुसत्या बुक्कीने. आवाज भरीव आला की म्हणायच्या, “इथे मार.” त्यांचं चुकलेलं आम्ही पाहिलं नाही.

ड्रायवॉलला, म्हणजे त्या जिप्समच्या पाट्यांना, नावं ठेवण्यात आमची पहिली काही वर्षं गेली. मग आमच्यातल्याच एका रसायनवाल्याने सांगितलं, की जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडत राहतं, आणि ते संपेपर्यंत भिंतीच्या पलीकडची बाजू फारशी तापत नाही. म्हणूनच बिल्डर बाकी गॅरेज कसंही सोडो, घर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीला गॅरेजच्या बाजूने अर्ध्या इंचाचं जिप्सम लावणं त्याला कायद्याने भाग असतं. वर झोपायची खोली असेल तर गॅरेजच्या छताला पाच-अष्टमांश इंचाचं, आगीसाठी मुद्दाम केलेलं. मधलं दारही भरीव किंवा वीस मिनिटं आग रोखणारं, आणि गॅरेजचं दार थेट झोपायच्या खोलीत उघडता कामा नये. पेट्रोलच्या गाडीबरोबर एका छपराखाली झोपायचं तर एवढं हवंच. हे कळल्यावर त्या पोकळ भिंतीबद्दल आमच्या बोलण्यात जरा अदब आली. नाना मात्र म्हणाले, “विटेला आग लागतच नाही.” बरं, नाना.

ती भिंत पुरी होताना बघणं हा एक वेगळाच आनंद होता. नव्वदच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातली लॅटिनो वस्ती जवळपास पाचपट झाली आणि ट्रँगलमधली घरं बांधण्यात त्या लोकांचा मोठा हात होता. ड्रायवॉलचे कारागीर बहुतेक मेक्सिकोकडचे. एक टोळी यायची, चार बाय आठ, चार बाय बाराच्या पाट्या आडव्या उचलायची आणि एका दिवसात घर बंद करून जायची. मग सांधेवाले यायचे. पायांना अ‍ॅल्युमिनियमच्या उंच घोड्या बांधून ते त्या घोड्यांवरच दिवसभर घरभर चालायचे, छताला हात पोचावा म्हणून. एका हातात चौकोनी पाटा, त्यावर पांढरा लगदा, दुसऱ्या हातात रुंद पाती. सांध्यावर लगदा, त्यात कागदी टेप, वरून पातं. वाळलं की दुसरा हात, आणखी रुंद. मग तिसरा, आणखी रुंद. शेवटी घासकाम. सगळ्या नानांपैकी ज्यांनी आयुष्यभर गवंड्यांवर देखरेख केली होती, ते या माणसांपुढे गप्प व्हायचे. एकदा एका नानांनी खिशातून रुमाल काढून, कोपऱ्याच्या कडेवर डोळा लावून, ओळंब्याशिवाय ती कड पारखली आणि त्या कारागिराच्या पाठीवर थाप मारली. तो घोडीवर होता, त्यामुळे थाप गुडघ्याला लागली. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. दुपारी मुलाकडून चहाचा थर्मास तिकडे गेला.

या कामाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, शून्यापासून पाचपर्यंत. घरातल्या भिंतींना चौथी पायरी मिळते. गॅरेजला बहुधा पहिली: टेप लगद्यात बसवायची आणि निघायचं. पात्याच्या रेघा, स्क्रूची डोकी, सगळं दिसतं. पाहुणे घरात येतात समोरच्या दाराने, ही अमेरिकन समजूत त्यामागे आहे. आमच्याकडे येणारा एकही माणूस समोरच्या दाराने येत नसे. गॅरेजचं शटर उघडं, चपलांचा ढीग तिथेच, आणि हाक मारत सरळ स्वयंपाकघरात. पाहुण्यांना पहिली दिसायची ती बिल्डरने अर्धवट सोडलेली भिंत. मग तिचं काय करायचं, हा प्रश्न घराघरात उभा राहिला.

ज्यांनी ऐंशीच्या दशकातली जुनी घरं घेतली होती त्यांच्यापुढे तर पाटीच कोरी होती. त्यांच्या गॅरेजच्या तीन भिंतींना आतून काहीच नव्हतं. उघडे स्टड, त्यांच्यामध्ये कोळ्यांची जाळी, कुठे आधीच्या मालकाने खोचलेली फावडी-कुदळी. इथे दोन पक्ष पडले. एक प्लायवूड पक्ष आणि एक जिप्सम पक्ष, आणि त्यांची भांडणं पॉटलकच्या पंगतीत वर्षानुवर्षं चालली. प्लायवूडवाल्यांचं म्हणणं, भिंतीवर कुठेही स्क्रू मारा, सायकल टांगा, शिडी टांगा, तांदळाच्या पोत्यांचं फडताळ टांगा, स्टड शोधत बसायला नको. जिप्समवाल्यांचं म्हणणं, स्वस्त पडतं, आगीला बरं आणि रंग दिला की खोली वाटते, वखार वाटत नाही. घराकडच्या भिंतीवरचं जिप्सम काढून तिथे प्लायवूड लावण्याचा बेत कुणी बोलून दाखवला की दोन्ही पक्ष एक होऊन त्याला झापायचे. जिप्सम ठेवून त्यावरून प्लायवूड मारलं तर चालतं, हा तोडगा शेवटी निघाला आणि आजही आमच्या मते तोच खरा. दोन्ही पक्षांना मान्य असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे आधी इन्सुलेशन भरायचं, आणि त्याचा तपकिरी कागद कधीही उघडा ठेवायचा नाही. तो पेटतो.

खालच्या कडेचं शहाणपण मात्र अनुभवाने आलं. पावसात भिजलेल्या गाड्या आत येतात, फरशीवर पाणी साचतं, आणि जिप्समची पाटी जमिनीला टेकलेली असेल तर तिचा कागद ते पाणी वर ओढतो. दोन पावसाळी हंगामांत खाली काळपट बुरशी. नॉर्थ कॅरोलायनाचा उन्हाळा असा दमट की रत्नागिरीच्या माणसाला घरची आठवण यावी. त्यामुळे पाटी जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायची, खाली पीव्हीसीची पट्टी मारायची, हे आमच्यात तोंडातोंडी पसरलं. लाकडी पट्टी मारणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी वाळवीवाला बोलवावा लागला.

आणि मग रंग. फ्लॅट, एगशेल, सॅटिन, सेमी-ग्लॉस. होम डेपोच्या त्या काउंटरपुढे आम्ही जेवढा वेळ उभे राहिलो तेवढा वेळ कॉलेजच्या ग्रंथालयात उभे राहिलो असतो तर बरं झालं असतं. बिल्डरच्या माणसांचा सल्ला असायचा, गॅरेजला स्वस्तातला फ्लॅट पांढरा मारा, सांध्यांच्या रेघा झाकल्या जातात. खरं आहे, चकाकी जितकी जास्त तितका भिंतीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. पण फ्लॅट रंगावर तेलाचा हात लागला की तो डाग कायमचा, पुसायला जावं तर रंगच निघतो. आणि आमच्या गॅरेजला तेलाचे हात लागणार होते.

कारण तळण. लाकडी घरातल्या कार्पेटमध्ये आणि पडद्यांत चकलीचा वास दिवाळीत शिरला की तो थँक्सगिव्हिंगपर्यंत मुक्काम करतो. ओट्यावरचा मायक्रोवेव्हखालचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. म्हणून तळण गॅरेजमध्ये आलं. विजेची शेगडी, घडीचं टेबल, शटर अर्धं उघडं. ज्यांची उडी मोठी त्यांनी टर्की तळायची प्रोपेनची शेगडी आणली आणि ती ड्राइव्ह-वेवर मांडून शंभर माणसांचे बटाटेवडे काढले; शेजारचा गोरा म्हातारा बिअर घेऊन बघायला यायचा आणि दोन वडे खाऊन जायचा. प्रोपेन आणि कोळसा बंद गॅरेजमध्ये नाही, हा नियम मात्र सगळ्यांनी पाळला. डिसेंबर २००२ च्या बर्फवादळात दिवसचे दिवस वीज गेली, तेव्हा घरात आणि गॅरेजमध्ये शेगड्या-जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्यांच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या.

तर तेलासाठी सेमी-ग्लॉस. पण पूर्ण भिंत सेमी-ग्लॉस केली की ती ट्यूबलाइटखाली दवाखान्यासारखी चकाकते. यावरचा उपाय एका वहिनींनी काढला, आणि तो त्यांना सुचला याचं कारण त्यांचं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. जमिनीपासून चार फूट गडद सेमी-ग्लॉस, मध्ये दोन बोटांची पट्टी, वर फिकट फ्लॅट. आपल्याकडे चाळींच्या जिन्यात, शाळांत, सरकारी इस्पितळांत खाली ऑइलपेंट आणि वर डिस्टेंपर असायचा, तीच ही अक्कल. हात, पाय, सायकलींची हँडलं, पिशव्या, मुलांचे बूट, सगळं घाण करतं ते खालचे चार फूट. तेवढेच पुसण्याजोगे केले की काम झालं. वरच्या फ्लॅटमध्ये सांधे लपतात, खालच्या गडद रंगात डाग. इतकं स्वस्त आणि इतकं योग्य दुसरं काही आम्ही गॅरेजमध्ये केलेलं नाही, आणि हजारो डॉलर घेऊन पन्हळीच्या पीव्हीसी भिंती बसवणाऱ्या कंपन्यांनाही ते सुचलेलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्या पट्टीची साथ पसरली. कुणी हिरवी, कुणी विटकरी, एकाने भगवी. त्यावरही चर्चा झाली.

छतांच्या बाबतीत आमचं कधीच जमलं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या घरांत छताला ‘पॉपकॉर्न’ फवारलेलं असायचं, ओल्या रंगावर ज्वारीच्या लाह्या फेकून चिकटवाव्यात तसं. अजून जुन्या घरांत त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे आधी तपासून घेतल्याशिवाय खरवडायचं नाही. पॉपकॉर्न म्हणजे सांधे नीट न घासता झाकायची बिल्डरची युक्ती. आमच्या आया त्याला जळमटं समजून केरसुणी घेऊन झाडायला जायच्या आणि खाली पांढरा पाऊस पडायचा.

आता तो ‘तर’, भिंतीच्या आत शिरणाऱ्या पावसाचा.

नव्वदच्या सुरुवातीला या भागातल्या ऐटदार घरांना बाहेरून स्टको असायचा. वीट नाही, व्हायनल नाही. सलग, खरबरीत, फिकट बदामी भिंत. आमच्यातल्या काही जणांनी ती घरं केवळ त्या भिंतीवर भाळून घेतली. पुण्याच्या बंगल्याच्या गिलाव्यासारखी दिसायची ती. पण अंगठ्याने दाबली की किंचित आत जायची. तो सिमेंटचा गिलावा नव्हताच. लाकडी फळीवर थर्मोकोलच्या पाट्या, त्यावर फायबरग्लासची जाळी रुतवलेला पातळ थर आणि वर अ‍ॅक्रिलिकचा लेप. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विटांच्या भिंतींना ऊब यावी म्हणून निघालेली ही पद्धत, १९६९ च्या सुमारास अमेरिकेत आली. तिकडे तिच्या मागे वीट होती. इकडे लाकूड. खिडकीच्या कोपऱ्यातून, छप्पर जिथे भिंतीला भिडतं तिथून पाणी आत गेलं, की त्याला बाहेर यायला वाटच नव्हती. भिंत बाहेरून सुंदर आणि आत फळ्यांचा चिखल.

हे पहिल्यांदा उघडकीला आलं ते आमच्याच राज्यात, समुद्राकाठच्या विल्मिंग्टनमध्ये, १९९५ साली. नवी-नवी घरं आतून कुजलेली निघाली. १९९६ मध्ये राज्याने नियम बदलला आणि लाकडी घरांवर असा स्टको करायचा तर त्याच्या मागे पाणी निथळायला जागा ठेवणं सक्तीचं केलं. पुढे देशभर खटले झाले. कॅरीत मात्र तो शब्दच विटला. घर विकायला काढलं की समोरचा पहिला प्रश्न विचारायचा, स्टको आहे का? असला तर मीटरच्या सुया भिंतीत खुपसून ओल मोजणारा माणूस यायचा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गॅरेजच्या शटरच्या वरची पट्टी उकलली तेव्हा आतली फळी हाताने कुस्करली गेली. त्याच काळातल्या दाबलेल्या भुशाच्या बाहेरच्या पाट्याही दमट हवेने फुगून कडांना सुटू लागल्या होत्या. त्यांची जागा हळूहळू सिमेंट आणि लाकडी तंतूंच्या पाट्यांनी घेतली. सिमेंट हा शब्द ऐकून नाना पहिल्यांदा समाधानाने हसले.

बाहेरच्या भिंतीवरून आठवलं. २००९ मध्ये कॅरीतल्या एका घरमालकाने गावाच्या रस्तारुंदीमुळे आपल्या घराचं नुकसान झालं म्हणून घराच्या दर्शनी भिंतीवर झगझगीत नारिंगी रंगात, कार चालवणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, कॅरी गावाने आपली वाट लावली असं लिहून टाकलं. गावाने नियमाबाहेरची पाटी म्हणून दंडाची नोटीस दिली. तो कोर्टात गेला, पहिल्या कोर्टात जिंकला, आणि २०१३ मध्ये अपिलात गावाचा नियम वैध ठरला. अख्खं गाव बेज आणि त्यात ती एक नारिंगी भिंत! आम्ही मुलांना गाडीतून दाखवायला नेलं होतं. सदाशिव पेठेत असता तर त्याला पाटी लिहायला लोकांनी मदत केली असती, असं आमचं एकमत झालं.

गॅरेज रंगवायचा मोसम ठरलेला होता. हिवाळ्यात नाही, कारण पारा पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेला की पाण्यातला रंग नीट धरत नाही. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये हवा छान, पण तेव्हा पाइनचा पिवळा पराग उडतो. गाड्या, अंगणं, चष्मे, सगळं पिवळं, आणि ओली भिंत तर हळदीला बसल्यासारखी. जुलै-ऑगस्टमध्ये घाम आणि डास. उरतो ऑक्टोबर. म्हणजे दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आत. कुणी ठरवलं नव्हतं, पण आपल्याकडची रंगसफेदीची वेळ तीच होती. फरक एवढाच, की इथे रंगारी नाही. नवरे मंडळी एकमेकांच्या गॅरेजमध्ये पाळीपाळीने रोलर घेऊन जायची, बायका पोहे पाठवायच्या, आणि संध्याकाळी रंगाच्या डब्यांशेजारीच पत्ते पडायचे.

एकदा भिंती पुऱ्या झाल्या आणि खोली खोली झाली, की गाड्या बाहेर राहू लागल्या. कोकणातले तर गॅरेजला सरळ पडवीच म्हणायला लागले. डीप फ्रीझर आला, त्यात खवलेलं खोबरं आणि भारतातून आलेला गोडा मसाला. चॅटम स्ट्रीटवरच्या पटेलच्या दुकानातून आणलेली वीस पौंडी तांदळाची पोती आली. ऑगस्टमध्ये मुलांची शाडूच्या गणपतीची कार्यशाळा तिथेच भरायची. मातीचे हात भिंतीला, आणि खालचे चार फूट पुन्हा एकदा धन्य. मराठी मंडळाच्या एकांकिकांच्या तालमी तिथे झाल्या, नेपथ्याचे फ्लॅट तिथेच रंगले. ढोल-ताशाचा सराव सुरू झाला तेव्हा जिप्समच्या भिंतीचा अवगुण कळला. आवाज चार घरं पलीकडे. एकाने भिंतीला जुनी कार्पेटं ठोकून पाहिली. फरक पडला नाही, गॅरेज मात्र भजनी मंडळाच्या तळघरासारखं दिसू लागलं.

आता आमची मुलं घरं घेताहेत, कुणी होली स्प्रिंग्जला, कुणी पिट्सबोरोकडे, कॅरी त्यांना परवडत नाही. त्यांच्या डिझाइन सेंटरच्या फायलीत गॅरेजच्या नावाने एक ओळ राहिलेली नाही. इपॉक्सीची फरशी, पन्हळीची स्लॅटवॉल, विजेच्या गाडीचा चार्जर, सगळ्याला किंमत लावलेली आहे. ड्रायवॉल चढायच्या आधी बिल्डर गिऱ्हाइकाला एकदा सांगाडा दाखवायला बोलावतो. परवा आमच्यातल्या एकाच्या मुलाने वडिलांना नेलं, वडिलांनी आम्हाला नेलं. आम्ही पाच-सहा म्हातारे टेपा घेऊन आत शिरलो. आता टकटक करून कान लावणारे आम्हीच.

“इथे स्टडच्या मधे आडवी फळी टाकून घे. दोन बाय आठची. फडताळाला लागते.”

“काका, स्लॅटवॉलला तसं काही लागत नाही.”

“टाकून ठेव. आणि सगळ्या भिंतींचे फोटो काढ, बाजूला टेप धरून. नंतर कळत नाही वायर कुठून गेली ते.”

“काढलेत.”

“खालून अर्धा इंच सोडायला सांग. सांगितलंस? लेखी दे. आणि रंग कुठला देणारेस?”

“मॅट ब्लॅक. काका, मला तिथे जिम करायचंय. मी गॅरेजमध्ये तळणबिळण करणार नाहीये.”

काकू ड्राइव्ह-वेवर उभ्या होत्या, चिखल नको म्हणून आत आल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, “ते आत्ता म्हणतोयस. खालचे चार फूट तरी सेमी-ग्लॉस घे.”